कृषी दिन ज्यांच्या नावाने होतो, त्या वसंतराव नाईकांनीच गावचा दवाखाना जिल्हा परिषदेच्या हाती दिला होता

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. पाऊस मनासारखा झाला आणि सांडव्यावरून पाणी सुटलं की ते बघायला लोक लांबून येतात, फोटो काढतात, रील बनवतात. धरणाचं पाणी कालव्यांतून खाली धानाच्या बांध्यांमध्ये जातं आणि गोंदिया, भंडारा, गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतली शेती त्यावर भिजते.

हे धरण राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्याचं. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं हे खातं ठरवतं. धानाला पाणी कमी पडलं की शेतकरी त्यांच्याच कार्यालयावर जातो.

पण त्याच शेतकऱ्याच्या गावातला छोटा मामा तलाव बहुतेक वेळा जिल्हा परिषदेकडे असतो. पोरगं शिकतं ती शाळा जिल्हा परिषदेची, बैल आजारी पडला तर न्यायचा तो गुरांचा दवाखाना जिल्हा परिषदेचा. रोवणीच्या दिवसात बांधीत कुणाला साप चावला तर ज्या दवाखान्याकडे आधी धाव घेतात, ते गोठणगाव किंवा केशोरीसारखं प्राथमिक आरोग्य केंद्रही जिल्हा परिषदेचंच.

म्हणजे मोठं धरण मुंबईच्या मंत्रालयाकडे आणि गावचा दवाखाना जिल्ह्याच्या लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाकडे. ही वाटणी आपोआप झालेली नाही. १९६० साली एक समिती बसली, तिनं अहवाल दिला आणि त्यावरून कायदा झाला. त्या समितीचे अध्यक्ष होते पुसदकडच्या एका बंजारा तांड्यातून आलेले महसूलमंत्री वसंतराव नाईक.

वसंतराव नाईक म्हटलं की आपल्याला हरितक्रांती आठवते, १ जुलैचा कृषी दिन आठवतो. हायब्रीड ज्वारी आणि तोंडातला पाईपही आठवतो. पण ज्या कामाचा संबंध आपल्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाशी येतो, त्या कामाशी त्यांचं नाव क्वचितच जोडलं जातं.

तांड्यावरचं पोरगं वकील झालं

१ जुलै १९१३. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात गहुली नावाच्या गावात वसंतरावांचा जन्म झाला. वडील फुलसिंग नाईक, आई होनूबाई. बंजारा समाज पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा. रेल्वे आली, इंग्रजांचे कायदे आले आणि तो धंदा बसला. मग तांडे जागोजागी स्थिरावले आणि शेतीला लागले. गहुली असंच वसलेलं गाव, ते वसवण्यात वसंतरावांच्या आजोबांचा, चतुरसिंग नाईकांचा पुढाकार होता.

त्या काळी तांड्यावर शाळा मिळणं अवघड होतं आणि दवाखान्याचं तर नावच नको. शिकायचं असेल तर पोरानं दुसऱ्या गावी जायचं. वसंतरावांचं प्राथमिक शिक्षण असंच आसपासच्या गावांत फिरत फिरत झालं. पुढं शिक्षणासाठी त्यांनी नागपूर गाठलं, मॉरिस कॉलेजमधून पदवी घेतली आणि १९४० मध्ये कायद्याची परीक्षा पास केली. सुरुवातीचा काही काळ अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम करून त्यांनी पुसदला वकिली थाटली. बंजारा समाजात तेव्हा वकील शोधूनही सापडत नव्हता.

१९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगा बंजारा, मुलगी ब्राह्मण. त्या काळात असं लग्न पचणं सोपं नव्हतं, दोन्हीकडून विरोध झाला. वत्सलाबाई मात्र तांड्यावरच्या घरात रुळल्या आणि पुढं समाजकामातही उतरल्या.

वकिलीबरोबर सार्वजनिक कामही सुरू झालं. वसंतराव आधी पुसदच्या कृषी मंडळाचे अध्यक्ष झाले, मग नगरपालिकेचे. नळ, गटार, रस्ता, शाळा हा कारभार त्यांनी मंत्रालयाच्या फायलीत नाही, तर पुसदच्या गल्लीत शिकून घेतला.

उपमंत्री झाले तेव्हा विदर्भ महाराष्ट्रात नव्हताच

१९५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. वसंतराव पुसदमधून आमदार झाले आणि रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री झाले.

हा काळ महत्त्वाचा होता. मालगुजारी नुकतीच संपली होती. भंडारा भागातले हजारो तलाव पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असायचे. मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. लोक त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजे थोडक्यात मामा तलाव म्हणू लागले. आजच्या एकट्या गोंदिया जिल्ह्यात असे हजाराहून जास्त तलाव आहेत. मालक बदलला, पण पाळ फुटली तर कुणी बांधायची आणि गाळ कुणी काढायचा? मुंबई-नागपूरच्या कार्यालयातून प्रत्येक गावच्या तळ्याकडे लक्ष ठेवणं शक्य नव्हतं. तळ्याचा हा प्रश्न पुढं शाळेला आणि दवाखान्यालाही लागू पडणार होता.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. वसंतराव यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात आले. आधी सहकार, मग कृषी खातं त्यांच्याकडे होतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा ते महसूलमंत्री होते.

एका राज्यात तीन तऱ्हा

नवीन महाराष्ट्र तीन तुकडे जोडून झाला होता आणि प्रत्येक तुकड्याचा स्थानिक कारभार वेगळा होता. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्ड आणि शाळा मंडळं. विदर्भात जनपद सभा. मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या काळापासून चालत आलेली पद्धत. शाळा एकाकडे, लस टोचणारा दुसऱ्याकडे, रस्ता तिसऱ्याकडे. गावच्या माणसाला तक्रार करायची तर दार नेमकं कुणाचं वाजवायचं, हेच कळत नव्हतं.

त्याच सुमारास देशभर पंचायतराजची चर्चा सुरू होती. बलवंतराय मेहता समितीनं १९५७ मध्ये सांगितलं होतं की विकासाचा कारभार लोकांनी निवडलेल्या संस्थांकडे द्या आणि त्यात गट पातळीवरची पंचायत समिती सर्वांत बलवान असू द्या. राजस्थान आणि आंध्र त्या वाटेनं निघालेही होते.

महाराष्ट्रानं काय करायचं हे ठरवायला जून १९६० मध्ये वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला. त्यात २२६ शिफारशी होत्या.

समितीनं वेगळं काय सांगितलं?

पहिली गोष्ट म्हणजे, खरी ताकद पंचायत समितीला न देता जिल्हा परिषदेला द्या.

दवाखान्याचं उदाहरण घेतलं की यामागचं कारण कळतं. एखाद्या तालुक्यात दोन-चार डॉक्टर असतील. पण साथ आली की सगळीकडच्या नोंदी बघणारा आरोग्य अधिकारी लागतो. औषधांचा साठा, गाड्या आणि इमारती बांधणारे अभियंते लागतात. एवढा सरंजाम एका तालुक्याला पेलत नाही. जिल्ह्याला पेलतो. जिल्हा अनुभवी माणसं आणि पैसा सांभाळण्याइतका मोठा आहे आणि लोकांना जाऊन जाब विचारता येईल इतका जवळही आहे, असा हा हिशेब होता.

दुसरी गोष्ट, कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवा. इंग्रजांच्या काळापासून जिल्ह्यात कलेक्टर म्हणजे सरकार. तो सभागृहात बसला तर निवडून आलेले सदस्य बोलणार कसे? त्याऐवजी जिल्हा परिषदेला मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला. तोही वरिष्ठ सनदी अधिकारीच, पण त्याचं काम सभागृहानं घेतलेल्या निर्णयांची अंमलबजावणी करण्याचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात धाडसाची. आमदार आणि खासदारांना जिल्हा परिषदेत जागा नको. समितीचे अध्यक्ष स्वतः आमदार आणि मंत्री असताना ही शिफारस आली. आमदार आत असेल तर गावातून नवीन पुढारी तयारच होणार नाही, हे त्यामागचं साधं व्यवहारज्ञान.

डिसेंबर १९६१ मध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. १ मे १९६२ ला, महाराष्ट्राच्या दुसऱ्या वाढदिवशी, मुंबई सोडून राज्यातल्या २५ जिल्ह्यांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. श्रेय एकट्या नाईकांचं नव्हतं. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांचा पाठिंबा नसता तर अहवाल कपाटातच राहिला असता. पण आराखडा नाईक समितीचा होता.

दवाखान्याचा कारभार कसा बदलला?

जिल्हा परिषदेकडे प्राथमिक शिक्षण, प्राथमिक आरोग्य, पशुसंवर्धन, लहान सिंचन, गावचे रस्ते आणि पिण्याचं पाणी अशी खाती आली. शिक्षक, आरोग्य सेवक, पशुवैद्यकीय कर्मचारी असा मोठा वर्ग जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत गेला. प्रत्येक विषयाची समिती झाली, तिचा सभापती निवडून आलेला सदस्य. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला त्या समितीसमोर बसून उत्तरं द्यावी लागू लागली.

पूर्वी दवाखान्यात डॉक्टर नसला तर अर्ज करायचा आणि वाट बघायची. आता गावचाच कुणीतरी भंडाऱ्याच्या सभागृहात बसलेला असायचा. (तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला.) तो सगळ्यांसमोर प्रश्न विचारू शकत होता. उत्तर मिळायचंच असं नाही, पण विचारायची जागा मिळाली.

सिंचनातही अशीच रेघ ओढली गेली. मोठे आणि मध्यम प्रकल्प राज्याकडे, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. म्हणूनच इटियाडोहचं पाणी एका खात्याचं आणि शेजारच्या गावातल्या तळ्याचं पाणी दुसऱ्याचं.

मग मुख्यमंत्री झाले

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांचं निधन झालं आणि ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव नाईकांनी शपथ घेतली. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे ११ वर्षांहून जास्त काळ ते मुख्यमंत्री राहिले. सलग इतका काळ महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद दुसऱ्या कुणालाही मिळालेलं नाही.

सुरुवातीची वर्षं धान्यटंचाईची होती. राज्य दोन वर्षांत अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झालं नाही तर आपल्याला फाशी द्या, असं त्यांनी पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत जाहीर केल्याचा किस्सा आजही सांगितला जातो. संकरित बियाणं, खतं, विहिरी, वीज यावर जोर आला. १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ सुरू झालं, १९६९ मध्ये अकोल्याला, १९७२ मध्ये दापोली आणि परभणीला.

इटियाडोह धरण पूर्ण झालं ते याच कारकिर्दीत, १९७० मध्ये. योगायोग असा की त्याच वर्षी राज्याच्या आरोग्य खात्याचीही फेररचना झाली. वैद्यकीय शिक्षण वेगळं झालं आणि लोकांच्या आरोग्याचं काम एका आरोग्य सेवा संचालनालयाखाली आलं.

आणखी एक गोष्ट त्याच वर्षी झाली, ती फारशी कुणाला आठवत नाही. जिल्हा परिषदा सुरू होऊन आठ वर्षं झाली होती. त्या नीट चालतात का, हे तपासायला नाईक सरकारनं १९७० मध्ये ल. ना. बोंगीरवार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपल्याच हातची योजना दुसऱ्याच्या हातात देऊन तिच्यातल्या उणिवा शोधायला लावणं, हे राजकारणात रोज घडत नाही.

१९७२ चा दुष्काळ

या यंत्रणेची खरी परीक्षा १९७२ मध्ये झाली. राज्याचा मोठा भाग होरपळला. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना रेशनवरची लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी अजून आठवते.

वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला होता. दुष्काळात त्या कल्पनेला राज्यभर रूप आलं. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती.

इतक्या लोकांची हजेरी घ्यायची, मजुरी वाटायची, पिण्याचं पाणी पुरवायचं, सुकडी पोचवायची तर गावोगाव माणसं हवीत. महसुलाची यंत्रणा होतीच, पण दहा वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या जिल्हा परिषदांचे ग्रामसेवक, शिक्षक, अभियंते आणि आरोग्य कर्मचारीही तिथं हाताशी होते. जुन्या दुष्काळांत लोक किड्यामुंगीसारखे मेले होते. १९७२ मध्ये हाल प्रचंड झाले, जनावरं गेली, गावं उठली, पण तसे भूकबळी झाले नाहीत. या दुष्काळाचा अभ्यास करायला पुढं जगभरातले अर्थतज्ज्ञ आले.

मग अडलं कुठं?

कौतुकाबरोबर दुसरी बाजूही सांगायला हवी.

जिल्हा परिषदेला काम मिळालं, पण पैशाची किल्ली मुंबईतच राहिली. स्वतःचं उत्पन्न थोडं आणि राज्याच्या अनुदानावर भिस्त. अनुदान कुठं खर्च करायचं, तेही वरून ठरलेलं. सत्तरच्या दशकात जिल्ह्याच्या नियोजनासाठी वेगळी मंडळं आली आणि त्यांच्या डोक्यावर मंत्री बसले. आमदारांना दारातून बाहेर ठेवलं होतं, ते खिडकीतून परत आले.

स्त्रिया आणि दुबळ्या समाजांचा वाटाही नावापुरता राहिला. गावातल्या बड्या घराण्यांनी जिल्हा परिषदा ताब्यात घेतल्या. स्त्रियांच्या हक्काच्या जागा राज्यात निम्म्या व्हायला तर २०११ उजाडलं.

विदर्भाचा हिशेब तर आजही मांडला जातो. कन्नमवार आणि नाईक असे दोन मुख्यमंत्री विदर्भानं सलग दिले, तरी १९८४ मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष मोजला तेव्हा विदर्भ मागेच होता. पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात तर आरोग्य केंद्राची इमारत आहे पण डॉक्टर टिकत नाही, ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईकांनी मुख्यमंत्रिपद सोडलं, शंकरराव चव्हाण आले. १९७७ मध्ये नाईक वाशिममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं. पुढं त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. यवतमाळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि परभणीचं कृषी विद्यापीठ आज वसंतरावांच्या नावानं ओळखलं जातं.

हे आज का माहीत हवं?

कारण आजही दवाखान्याबद्दल तक्रार असली की लोक थेट आमदाराला नाहीतर मंत्र्याला टॅग करतात. वाटणी मात्र बऱ्याच अंशी नाईक समितीनं आखली तशीच आहे.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. तिथं औषध नसेल, डॉक्टर जागेवर नसेल, तर तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि तुमच्या गटाचा जिल्हा परिषद सदस्य यांना विचारायचं. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीतही स्थानिक जिल्हा परिषद सदस्य असतो. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय मात्र राज्य सरकारचं, ते जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाताखाली येतं. पाटी वाचली की कुणाचं दार वाजवायचं ते कळतं.

पण दार वाजवायला आत कुणीतरी हवं. २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्यानं तिथं वर्षानुवर्षं प्रशासकांचा कारभार राहिला. भंडारा आणि गोंदियात २०२१-२२ मध्येच निवडणुका झाल्या असल्यानं इथं सदस्य होते. इतर ठिकाणी आरोग्य समितीला सभापती नव्हता आणि गावच्या दवाखान्याचा प्रश्न सभागृहात मांडायला गावचा माणूसही नव्हता. ज्या तऱ्हेच्या कारभारातून नाईक समितीनं दवाखाना बाहेर काढला होता, तिथंच तो इतकी वर्षं परत जाऊन बसला.

१ जुलैला शेतीच्या बांधावर वसंतराव नाईकांच्या फोटोला हार घातला जातो, तो घालायलाच हवा. त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे का आणि नसेल तर जिल्हा परिषदेत ते कुणी विचारलं, एवढं बघितलं तरी त्यांच्या दुसऱ्या कामाचीही आठवण राहील.